सर्व्हरची निवड : नांदेड-लातूरच्या दृष्टीनें

नांदेडचें विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें व लातूरचीं महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत आलीं. पुढल्याच वर्षीं, १५ ऑगस्ट रोजीं, विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. त्या काळीं संकेतस्थळासाठीं मोठा सर्व्हर घेतला कीं त्याची कार्यप्रणालीही बहुधा ठरूनच येई: सनच्या यंत्रावर सोलारिस, आयबीएमच्या यंत्रावर एआयएक्स. पुण्याच्या सी-डॅकचा १९९८ चा महासंगणक परम १०००० सोलारिसवरच चाले. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं साध्या इंटेल यंत्रासाठीं आरंभिलेल्या लिनक्सनें ही गांठ सोडविली. २००८ चा परम युवा इंटेल व लिनक्स यांवर उभा राहिला. लहान गांवच्या संस्थेसही परवान्याचें शुल्क न भरतां संकेतस्थळ चालवितां येऊं लागलें.

यंत्राचा आकार मात्र हवामानानें ठरवावा. १९ इंची रॅकमधील पावणेदोन इंचांचें चपटें यंत्र जागा वांचवितें खरें. पण त्याच्या इवल्या पंख्यांस ऊर फुटेतों फिरावें लागतें. नांदेड-लातुरांत मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. येथें वाण जागेची नाहीं, गारव्याची आहे. मी तर साडेतीन इंचांचेंच यंत्र घेईन, आणि परवान्याचे वांचलेले रुपये बॅटऱ्यांवर खर्चीन. निकालाच्या दिवशीं वीज गेली तर विद्यार्थी ताटकळूं नयेत.