एक मीटर आणि २.८ मीटर

संगणकावर अग्निबाण जोडण्याचे खेळ आता मुलांच्या परिचयाचे झाले आहेत. २०११ साली आलेला ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा त्यांतला विशेष गाजलेला. या खेळात टाक्या आणि इंजिने काही ठरावीक व्यासांचीच मिळतात, उदाहरणार्थ १.२५, २.५ आणि ३.७५ मीटर. लहान इंजिनावर मोठी टाकी चढवली तर बाण जागचा हलत नाही. इंजिन मोठे आणि टाकी छोटी ठेवली तर सारी शक्ती इंजिनाचेच ओझे वाहण्यात खर्च होते. खेळातला हा मेळ खेळ रचणाऱ्याने घालून दिलेला असतो. खऱ्या अग्निबाणांचा कोण घालून देतो? आपल्या देशापुरते बोलायचे तर या इतिहासात दोन आकडे पुन:पुन्हा भेटतात : एक मीटर आणि २.८ मीटर.

आधी थोडे गणित करू. ते १९०३ साली त्सिओल्कोव्हस्की या रशियन शाळाशिक्षकाने मांडले. घन इंधनातून निघणारे वायू सेकंदाला सुमारे २.६ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात असे धरा. मग बाणाचा वेग १.८ किलोमीटरने वाढवायचा, तर त्याचे वस्तुमान निम्मे होईपर्यंत इंधन जाळावे लागते. आणखी १.८ किलोमीटर हवे असतील तर उरलेल्याचे पुन्हा निम्मे. उपग्रह कक्षेत नेताना हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण यांची भर धरून सुमारे ९ किलोमीटर लागतात. म्हणजे पाच वेळा निम्मे! बत्तीस टनांतून शेवटी एक टन उरणार, आणि त्यातच कवच, नळकांडे, उपकरणे व उपग्रह बसवायचे. हे शक्य नाही. म्हणून टप्पे करावे लागतात. रिकामे झालेले कवच वाटेत टाकून पुढे जायचे.

भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक एसएलव्ही-३ चार घन टप्प्यांचा होता. उंची २२ मीटर, वजन १७ टन, पहिल्या टप्प्याचा व्यास एक मीटर. १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले. १८ जुलै १९८० ला रोहिणी कक्षेत गेला. पण या प्रक्षेपकाची ताकद अवघी ४० किलोग्रॅमची होती.

ती वाढवण्याचा स्वस्त मार्ग उघड होता. एक मीटरचे घन इंजिन हाताशी आहे, तपासलेले आहे. तसेच आणखी दोन बाजूंना बांधावेत. यातून एएसएलव्ही जन्मला. उद्दिष्ट १५० किलोग्रॅमचे. प्रत्येक भाग ओळखीचा, पण जुळणी नवी होती. बाजूची इंजिने जमिनीवर पेटायची आणि ती विझण्याच्या सुमारास मधले इंजिन हवेत पेटायचे. २४ मार्च १९८७ ला मधले इंजिन पेटलेच नाही. १३ जुलै १९८८ ला ते पेटले. पण एक विझून दुसरे जोर धरण्याच्या मधल्या क्षणांत, हवेचा दाब सर्वांत जास्त असताना, त्या लांब सडपातळ बाणावरचा ताबा सुटला. इंजिने वाईट नव्हती, त्यांचा एकमेकांशी मेळ अपुरा होता. पुढे बुडाशी पंख बसवले आणि बाजूच्या इंजिनांचा जोर ओसरताच मधले पेटेल अशी व्यवस्था केली. २० मे १९९२ ला यश आले.

तोवर मोठ्या बाणाचे काम बरेच पुढे गेले होते. पीएसएलव्हीसाठी एक मीटरचे इंजिन पुरणार नव्हते. पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा ठरला. हे इंजिन २१ ऑक्टोबर १९८९ रोजी जमिनीवर प्रथम पेटवून पाहिले गेले. मूळ पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनी ज्या घन इंधनाच्या कामाचा पाया घातला, त्याचे हे मोठे फळ. पुढे यात १३८ टन इंधन भरले जाऊ लागले, आणि रिकाम्या टप्प्याचे वजन सुमारे ३० टन. १६८ टनांचे ३० टन म्हणजे जेमतेम अडीच वेळा निम्मे. डोक्यावर काहीही न ठेवता हा टप्पा एकटाच उडवला, तरी गणिताने साडेचार किलोमीटरच मिळतात. म्हणून त्याच्या वर विकास इंजिनाचा द्रव टप्पा, मग घन, मग पुन्हा द्रव. घन टप्पा मोठा जोर सहज देतो, पण पेटला की थांबवता येत नाही. द्रव इंजिन हवे तेव्हा बंद करता येते, म्हणून कक्षा अचूक साधण्याचे शेवटचे काम त्याच्याकडे.

आणि ते एक मीटरचे जुने इंजिन? ते टाकून दिले नाही. सहा इंजिने बाजूला बांधली. २० सप्टेंबर १९९३ चे पहिले उड्डाण फसले, १५ ऑक्टोबर १९९४ चे साधले. २३ एप्रिल २००७ ला हलक्या इटालियन उपग्रहासाठी ही सहाही इंजिने काढून ठेवली. उलट २२ ऑक्टोबर २००८ ला चंद्रयान-१ साठी ती लांब केली : प्रत्येकात ९ ऐवजी १२ टन इंधन. व्यास मात्र एक मीटरच! घन इंधन मधल्या पोकळीतून बाहेरच्या दिशेने जळते. जळायला लागणारा वेळ मुख्यत: व्यासावर, तर जोर जळणाऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे लांबीवर अवलंबून असतो. शिवाय व्यास बदलला की साचे, यंत्रे, जोड सारेच बदलते. लांबी वाढवणे त्या मानाने सोपे.

व्यासामागे कारखाना असतो, हे आमच्या भागातील शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. २.८ मीटरची पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला बनली. साखर कारखान्याभोवती वसलेले ते गाव. विकास इंजिने मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये तयार झाली. सुमारे वीस मीटर लांबीचा पहिला टप्पा पाच तुकड्यांत बनतो, कारण अखंड ओतणे आणि वाहून नेणे दोन्ही कठीण.

बिडकीनच्या शेतजमिनीवर आता औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे. तिथल्या शाळेच्या पटांगणात फक्कीने २.८ मीटर व्यासाचे वर्तुळ आखावे आणि त्यात एक मीटरचे दुसरे. मग मुलांना विचारावे : लांबी तीच ठेवली तर मोठ्यात लहानाच्या किती पट इंधन मावेल? उत्तर सुमारे आठ पट येते. त्यानंतरचा प्रश्न असा की पैठण रस्त्यावरून, बाजाराच्या दिवशी, एवढ्या व्यासाचा आणि वीस मीटर लांबीचा नळा कसा न्याल? मुले त्याचे तुकडे करायला निघाली, की अग्निबाणाचे अर्धे शास्त्र त्यांना कळले असे समजावे.