फोटोची कड

येत्या हिवाळ्यात नातीला घेऊन अजिंठा आणि लोणार करायचं ठरलंय. "आबाजी, मोबाईल आहे ना, कॅमेरा कशाला?" असं घरातल्या प्रत्येकाने एकेकदा विचारून झालं. मोबाईल चांगलाच आहे. पण भर उन्हात त्याच्या काचेवर मला फोटोऐवजी माझंच तोंड दिसतं. शिवाय दूरचं शिल्प जवळ आणलं की त्याचा लगदा होतो. म्हणून खिशात मावेल असा, झूम असलेला कॅमेरा शोधतोय. हल्ली हे छोटे कॅमेरे फारसे कोणी घेत नाही, त्यामुळे दुकानात निवड थोडीच. शेवटी पुतण्याने त्याचा वापरलेला एक दिला. म्हणाला, "काका, आधी तपासून पाहा."

तपासायचा म्हणजे कसा, ते पुढे सांगतो. आधी थोडं मागे जाऊ.

आपल्या वऱ्हाडाचे आणि अजिंठ्याचे सुरुवातीचे फोटो काढणाऱ्यांत रॉबर्ट गिल हे मोठं नाव. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याला आला तो भिंतीवरच्या चित्रांच्या नकला रंगवायला. वर्षानुवर्षं रंगवलेल्या त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. कोणीही खचला असता. गिल मात्र १८५६ पासून फोटोही काढत होता, लोणारच्या देवळांचेही त्याने काढले. १८७९ मध्ये तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

त्या काळी फोटो म्हणजे काय खटाटोप! काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. आपल्याकडच्या उन्हात तर त्याहून कमी. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काळोखाचा तंबू, बाटल्या, पाणी, काचा असं सगळं बिऱ्हाड न्यावं लागे. गिलने दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा वापरला. त्याच्या काचा लहान, आणि लहान काचेला प्रकाश द्यायचा वेळही कमी लागे. मला तर वाटतं, तो त्या जमान्यातला कॉम्पॅक्टच होता! पण कलोडियनला निळा रंग चटकन दिसे, तांबडा जवळपास दिसतच नसे. अजिंठ्याची चित्रं तर गेरूची, म्हणजे ती काळी येणार. ज्या कामासाठी माणूस तिथे गेला, नेमकं तेच त्याचा कॅमेरा करू शकत नव्हता.

मुंबईत तेव्हा फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, १८५४ मध्ये. लगेच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी फोटोचा व्यवसायच केला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही त्या काळचे नामांकित फोटोग्राफर. शाळेत फोटो शिकवत हे वाचून माझ्यातल्या मास्तराला बरं वाटलं.

पुढे कॅमेरा खिशात आला तो जर्मनीच्या ऑस्कर बार्नाकमुळे. या माणसाची प्रकृती नाजूक, दम लागायचा. भटकंतीत जड कॅमेरा उचलवेना, म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा इवलासा कॅमेरा केला. तोच १९२५ मध्ये बाजारात आलेला लायका.

आमच्यापर्यंत लायका कुठला यायला! आमचा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. एका रोलमध्ये बारा फोटो. १९७८ च्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली तेव्हा मी तो एका सहकाऱ्याकडून उसना घेतला होता. लेण्यांतले चार फोटो पार काळे आले. नंतर बाहेर उन्हात सगळ्या पोरांना ओळीने उभं केलं आणि एक काढला.

त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत डोळा किंचित तिरका झाला की कडेचं जास्त दिसायचं, पण ते फिल्मवर येत नसे. माझा चष्मा, त्यामुळे डोळा भिंगापासून लांब. मला सगळी पोरं दिसली होती. फोटोत शेवटच्या पोराचा अर्धाच चेहरा आला. तेव्हा त्याला सगळे हसले, तोही हसला.

सहा वर्षांनी तो पोरगा गेला. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून. महिनाभराने त्याचे वडील घरी आले. भिंतीवर लावायला त्यांना फोटो हवा होता आणि त्याचा दुसरा फोटोच नव्हता. निगेटिव्हमध्ये कदाचित जास्त असेल म्हणून मी ती ट्रंकेतून काढून कंदिलासमोर धरली. तिथेही अर्धाच. यवतमाळच्या एका स्टुडिओवाल्याने उरलेला चेहरा रंगवून देतो म्हटलं. वडील म्हणाले, "नको गुरुजी. हाये तेवढाच द्या." तेवढाच मोठा करून दिला. तो फोटो मी नंतर त्यांच्या घरी भिंतीवर पाहिलाय. चौकट अरुंद, अर्ध्या चेहऱ्याच्या मापाची.

असो. तर कॅमेरा तपासायचा कसा? पुतण्या मेगापिक्सेल सांगत होता, मी अंगणाच्या भिंतीवर खडूने चौकोन आखला. पडद्यावर चौकोनाच्या चारही रेघा बरोबर कडेला आणल्या, फोटो काढला आणि संगणकावर मोठा करून पाहिला. चारही रेघा जागच्या जागी. हल्ली पडद्यावर भिंगातलंच चित्र येतं, ते जुळणारच, हे मला ठाऊक होतं. तरी खडू संपेपर्यंत तीनदा केलं.

मग काळोखाची परीक्षा. त्यासाठी कळंबला गेलो. चिंतामणीचं देऊळ जमिनीखाली, पायऱ्या उतरून जायचं. फ्लॅश न लावता पायऱ्यांचे फोटो घेतले. दोन हलले, पण कठड्याला कोपर टेकवून घेतलेला तिसरा चांगला आला. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, तेव्हा एवढं जमलं तरी पुरे. बॅटरी मात्र दुपारीच संपली. एक जादा घ्यावी लागणार.

परतताना नातीला पायऱ्यांच्या वर उभं केलं. फोटो पाहून ती फुरंगटली, "आबाजी, तुम्ही इतके मागे का गेलात? मी केवढुशी दिसतेय!"

अजिंठ्यात आणखी एक जवळून काढीन, असं तिला कबूल केलंय.