समोर आहे तेवढंच

सावेडीत पाइपलाइन रोडला मामाच्या घरी लक्ष्मीपूजन उरकलं की पत्ते निघतात. लहानपणापासून पाहिली ती तीन पत्ती. पानं बरी असतात, पण समोरचा चाल वाढवत नेतो आणि आपला खिसा संपतो. मग पॅक करा, नाहीतर उसने घ्या. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी राजांच्या जोडीवर मी उसने घेतले. फेडताना मेसचे २,४०० रुपये गेले.

मी पानांनी हरलो की पैशांनी? प्रश्न जुनाच आहे. द्यूतसभेत धन आणि राज्य संपल्यावर युधिष्ठिर भावांना, स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावतो. शकुनीचे फासे सगळ्यांना आठवतात. पण पणाला काय लावता येईल, याला त्या पटावर मर्यादाच नव्हती.

तीन पत्ती इंग्रजांच्या ‘ब्रॅग’वरून आली. एडमंड हॉइलनं १७५१मध्ये ब्रॅगवर पुस्तिका लिहिली होती. तिचा नातेवाईक पोकर एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्समध्ये आणि मिसिसिपीच्या बोटींवर वाढला. त्यात पुढे एक नियम रुजला : टेबल स्टेक्स. डाव सुरू झाल्यावर खिशात हात घालायचा नाही. समोरचे पैसे संपले की तुम्ही ‘ऑल-इन’. तेवढ्या रकमेपुरता तुमचा हक्क शाबूत, वरची चढाओढ इतरांची. श्रीमंताला नुसत्या पैशाच्या जोरावर गरिबाला उठवता येत नाही.

आता आम्ही दिवाळीत पोकरच खेळतो, ५-१०च्या ब्लाइंडवर. बाकीचे दीड-दोन हजार घेऊन बसतात, मी २००. आधी त्यांच्यासारखाच खेळायचो आणि तासाभरात उठायचो. हातात छोटी जोडी असेल, तर पहिल्या तीन सामाईक पानांत तिचं तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा येतं. ते आलं तरी एकेकाकडून मला फार तर २०० मिळणार. म्हणून महागात पडत असतील तर छोट्या जोड्या सोडतो. मोठी जोडी किंवा एक्का-राजा आला की पहिल्याच फेरीत जोर लावतो. थापा मारत नाही, कारण घरच्या खेळात ‘बघू तरी’ म्हणत कुणीतरी पैसे टाकतंच.

गेल्या दिवाळीत पुन्हा राजांची जोडी आली. १८० रुपये, ऑल-इन. मामाकडे एक्का-सत्ती होती आणि शेवटच्या पानावर एक्का उतरला. मी उठलो आणि चिवड्याची वाटी घेऊन बाकीच्यांचा डाव बघत बसलो. उसने घ्यायचा प्रश्नच नव्हता.