शरणपूरची मुले आणि लिव्हिंग्स्टनसाहेब

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून नाशिकला जायचे तर कल्याणला गाडी बदलायची आणि कसाऱ्याचा घाट चढायचा. त्या नाशिकच्या शरणपूरचे आफ्रिकेच्या शोधाशी जवळचे नाते आहे.

गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात इंग्रजांचे आरमार गुलामांची गलबते भर समुद्रात पकडी आणि सोडवलेली माणसे मुंबईस उतरवी. त्यांतली काही मुले शरणपूरच्या मिशनने सांभाळली. त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकवले, इंग्रजी नावे दिली. आईबापांनी हाक मारलेले नाव मात्र मागेच राहिले.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यात आले. नाईलचा उगम शोधायला सोबती हवे होते. शरणपूरची नऊ मुले त्यांनी घेतली, मुंबईचे तेरा शिपाई घेतले, शिवाय म्हशीसुद्धा! आफ्रिकेत त्सेत्से माशी चावली की गुरे मरतात. म्हैस टिकते का, ते पाहायचे होते. १८६६ च्या जानेवारीत मंडळी झांजिबारकडे निघाली. पुढे शिपायांनी जनावरांचे हाल केले, अशी साहेबांची तक्रार; म्हशी गेल्या आणि परीक्षा अर्धीच राहिली. शिपाईही परत फिरले.

मुले तरी सगळी कुठे टिकली? काही वाटेतच सोडून गेली. पण एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला चुमा राहिला. १८७२ साली शरणपूरची आणखी मुले जाऊन मिळाली; त्यांत जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी साहेब वारले. सोबत्यांनी त्यांचे काळीज तिथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर साहेबांचे नाव, तारीख कोरली. शेजारी सोबत्यांपैकी तिघांची नावे घातली, स्वतःचे नाही. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळलेला देह खांद्यावर घेऊन ही माणसे हजाराहून अधिक मैल चालली. ताप, उपासमार, वैरी मुलुख. साहेबांच्या वह्याही त्यांनी जपल्या. आफ्रिकेच्या भूगोलात त्या वह्यांचे मोल मोठे आहे.

१८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. तिथून विलायतेपर्यंत देहासोबत एकटा जेकब गेला. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. चुमा आणि त्याचा जोडीदार सुसी पोचले तेव्हा अंत्यविधी उरकला होता.

शिक्षक मंडळींनी वर्गात आफ्रिकेचा नकाशा उघडला, तर चितांबोपासून बागामोयोपर्यंत एकदा बोट फिरवून दाखवावे.