टिळकांच्या अब्रूचे दोन खटले

१/ १९१८ साली बापूजी अणे यांनी यवतमाळात ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. अणे हे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वतः टिळक विलायतेस निघाले, ते एका अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी. हा थ्रेड त्या दाव्याविषयी आणि काही वर्षांनी पुण्यात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या खटल्याविषयी आहे.

२/ हा कायदा टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यातून आधीच परिचित होता. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यासंबंधी छापलेल्या मजकुरापायी १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. या वेळी मात्र टिळक वादी होते.

३/ प्रतिवादी होते लंडनच्या ‘द टाइम्स’चे नामांकित पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल. त्यांची हिंदुस्थानातील असंतोषावरील लेखमाला १९१० साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा टिळक मंडालेच्या कैदेत होते. रँड आणि जॅक्सन यांच्या खुनांशी टिळकांच्या चळवळीचा व लेखनाचा संबंध चिरोल यांनी जोडला होता. जॅक्सन यांचा नाशकात खून झाला २१ डिसेंबर १९०९ रोजी. टिळक १९०८ पासूनच तुरुंगात होते!

४/ जानेवारी १९१९ च्या अखेरीस न्यायमूर्ती डार्लिंग आणि ज्यूरी यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, तर चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. ‘केसरी’तील जुने लेख आणि १८९७ व १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षा पुन्हा बाहेर काढण्यात आल्या. लेखांची भाषा जहाल होती, हे नाकारण्याजोगे नव्हते. महायुद्ध नुकतेच जिंकलेल्या साम्राज्याच्या राजधानीत, राजद्रोही ठरलेल्या माणसाला अब्रू असते काय, हाच जणू प्रश्न होऊन बसला.

५/ २१ फेब्रुवारीस निकाल टिळकांच्या विरुद्ध लागला. खर्चाचा बोजा सुमारे तीन लाख रुपयांचा. तो हलका करण्यासाठी महाराष्ट्रात निधी गोळा झाला. न्यायालयात हरलेल्या माणसामागे लोक पैसा घेऊन उभे राहिले.

६/ चिरोल यांनी टिळकांना दूषण म्हणून जे विशेषण लावले, ते तर महाराष्ट्राने बिरुद म्हणून स्वीकारले: ‘भारतीय असंतोषाचे जनक’. आपण सर्वांनी ते शाळेत पाठ केले आहे.

७/ आता दुसरी बाजू. टिळक १९२० साली निवर्तले. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आले. प्रकाशक केशवराव जेधे. ब्राह्मणेतर चळवळीतील या पुस्तकाने टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत कठोर शब्दांत हल्ला चढवला. पुण्यात फौजदारी फिर्याद झाली आणि खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या.

८/ मृताची अब्रू जाते काय? भारतीय दंड विधानाच्या कलम ४९९ नुसार जाऊ शकते. मात्र मजकुराचा हेतू मृताच्या कुटुंबीयांच्या वा निकटच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा असावा लागतो. अपिलात आरोपींची बाजू मांडली ती बॅरिस्टर भीमराव आंबेडकर यांनी. १९२६ साली आरोपी निर्दोष सुटले.

९/ पहिल्या खटल्यात सत्तेच्या बाजूचा लेखक बलवान होता आणि टिळक दुर्बळ. दुसऱ्यात टिळकांचे नावच पुण्यातील प्रस्थापितांचे बळ झाले होते आणि लिहिणारे त्याला आव्हान देणारे होते. म्हणून दोन्ही निकालांकडे एकाच भावनेने पाहता येत नाही. पहिल्याने आपल्याला चीड येते. मग दुसऱ्याचे काय? लेखनस्वातंत्र्याविषयीची आपली निष्ठा खरी किती, याची परीक्षा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होते.

१०/ ब्रिटिशांनी आणलेली फौजदारी बदनामीची तरतूद आजही जिवंत आहे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली आहे, मृतांविषयीच्या त्या स्पष्टीकरणासह.