उपचारातील श्रमाकडून हक्काच्या रोजगाराकडे : मनोरुग्णांच्या व्यावसायिक पुनर्वसनाची ऐतिहासिक वाटचाल (विशेष संदर्भ : मुळशी व पुणे परिसर)

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे, तर पौडच्या पलीकडे कोळवण खोऱ्यात १९९४ साली सुरू झालेले ‘साधना व्हिलेज’ आहे. एकीकडे रोजगाराची बाजारपेठ आणि दुसरीकडे त्या बाजारपेठेने न स्वीकारलेल्या प्रौढांचे सहजीवन. साधना व्हिलेजमधील निवासी बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ होत, मनोरुग्ण नव्हेत. सामान्य व्यवहारात हा भेद अनेकदा पाळला जात नाही. मानसिक आजारातून सावरणाऱ्या प्रौढाचे स्थान या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे. त्याला कायमच्या आश्रयाची गरज असतेच असे नाही. मात्र नोकरीचे दारही त्याच्यासाठी सहज उघडत नाही.

मनोरुग्णांना काम देण्याची कल्पना नवी नाही. वसाहतकालीन वेड्यांच्या इस्पितळांत बागकाम, विणकाम, वेतकाम यांना उपचाराचे साधन मानले जाई. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. त्याच्याप्रमाणेच येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयेही पुढे शासनाच्या अखत्यारीत राहिली. तथापि या श्रमाला भिंतीबाहेरच्या वेतनाशी जोडणारा दुवा नव्हता. विणकाम शिकलेला रुग्ण घरी परतला, तरी ‘येरवड्याहून आलेला’ ही ओळख त्याच्या कौशल्यापेक्षा मोठी ठरे.

हा दुवा शोधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात प्रामुख्याने १९९० नंतर, शासनाबाहेर झाले. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली ठाण्यात स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ‘त्रिदल’ हे पुनर्वसन केंद्र चालविले. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. वाणी स्वतः रुग्णाचे कुटुंबीय होते, ही बाब महत्त्वाची ठरते. औषधाने भ्रम ओसरले, तरी दिवसभर करायचे काय, हा प्रश्न दवाखान्यात नव्हे तर घरात उभा राहतो. संस्थेचे धायरी येथील दिवसकालीन पुनर्वसन केंद्र याच प्रश्नाचे उत्तर होते. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही वाणी यांचीच प्रेरणा होती.

कायद्याची गती याहून मंद राहिली. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या व्याख्येत स्थान दिले. परंतु शासकीय नोकऱ्यांतील ३ टक्के आरक्षण अंधत्व वा अल्पदृष्टी, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग यांपुरतेच ठेवले. कलम ४७ नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नसे. वरवर पाहता ही तरतूद पुरेशी उदार वाटते. परंतु स्किझोफ्रेनियाचा प्रारंभ बहुधा कुमारवयाच्या अखेरीस ते पंचविशीच्या आसपास, म्हणजे नोकरी लागण्यापूर्वीच होतो. ज्याला सेवेत प्रवेशच मिळाला नाही, त्याला सेवेतील संरक्षणाचा उपयोग काय? कायद्याने आजाराचे वय विचारातच घेतले नव्हते.

ही उणीव २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने काही अंशी दूर केली. आरक्षण ४ टक्के झाले. त्यातील १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व बहुविकलांगता यांच्यात विभागलेला आहे. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात मानसिक आजाराशी निगडित वर्तनाबद्दलची शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरविला. हे आरक्षण मात्र शासकीय आस्थापनांपुरतेच आहे. हिंजवडीतील खासगी कंपन्यांसाठी कायद्यात समान संधीचे धोरण आणि प्रोत्साहनपर सवलती एवढेच आहे, आणि त्या धोरणाचा लाभ मागायचा तर आजार उघड करावा लागतो. पुष्कळ उमेदवार तेथेच थांबतात.

प्रमाणपत्राची अडचण आणखी वेगळी आहे. आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्व आवश्यक असते. मानसिक आजारात ते मोजण्यासाठी २००२ पासून भारतात विकसित मापनश्रेणी वापरली जाते. स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही तिची चार क्षेत्रे होत. पुनर्वसन केंद्रात नियमित काम करू लागलेल्या व्यक्तीचे चौथ्या क्षेत्रातील गुण कमी होतात. ती ४० टक्क्यांच्या खाली आली, तर ज्या नोकरीसाठी तिची तयारी करून घेतली त्या राखीव जागेसाठी ती अपात्र ठरते.