पृष्ठवर्धित रामन वर्णपटमिती

रेणूवर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश तरंगलांबी बदलून विखुरतो. हाच १९२८ साली कोलकात्यात सापडलेला रामन परिणाम. हा बदल रेणूतील बंधांच्या कंपनांवर ठरतो, म्हणून प्रत्येक रेणूची खूण वेगळी असते, पण फार क्षीण. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लायशमन, हेंद्रा आणि मॅक्‌क्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीच्या विद्युतअग्रावर पिरिडिनची खूण ठळक मिळाली. वाढलेल्या पृष्ठफळाने एवढी वाढ होणार नाही, हे १९७७ मध्ये दोन गटांनी दाखवले. मुख्य कारण असे, की धातूच्या नॅनोकणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात आणि कणांमधल्या अरुंद फटीत विद्युतक्षेत्र एकवटते. तिथल्या रेणूची खूण लाखो पटींनी वाढते.

अशा वाढलेल्या खुणेमुळे धातूच्या पृष्ठावर चाललेल्या अभिक्रियेवर नजर ठेवता येते. त्याचे नेहमीचे उदाहरण पॅरा-नायट्रोथायोफिनॉलचे. हा रेणू गंधकाच्या अणूने चांदीला चिकटतो. अभिक्रिया पुढे सरकते तशी नायट्रो गटाची, १३३५ प्रतिसेंटिमीटरच्या आसपासची रेषा मावळते. ११४०, १३९० आणि १४३५ जवळ नव्या रेषा उगवतात. दोन रेणू अझो बंधाने जोडले गेल्याची ही खूण. पॅरा-अमिनोथायोफिनॉलच्या वर्णपटातल्या याच रेषा बरीच वर्षे त्या रेणूच्याच समजल्या जात होत्या. २०१० च्या सुमारास त्या अझो संयुगाच्या असल्याचे दिसले. गोम अशी, की निरीक्षणासाठी टाकलेला लेसरच कित्येकदा ही अभिक्रिया घडवतो. त्यामुळे लेसरची शक्ती बेताची ठेवणे आणि ती बदलून मोजमाप पुन्हा घेणे आवश्यक ठरते.